पाऊस कोयनेला, पूर सांगलीला

ऑगस्ट महिन्यात सांगलीच्या पेठेत दोन माणसे भेटली की कुशलप्रश्नाच्याही आधी "आयर्विनला किती फूट?" हा प्रश्न होतो आणि त्याच्या पाठोपाठ "कोयनेतून किती सोडलंय?" हा धरणाविषयीचा दुसरा, कारण 1929 साली खुल्या झालेल्या नदीवरील त्या आयर्विन पुलाखालचे पाणी सांगलीवर पडलेल्या पावसाने फारसे चढत नसून महाबळेश्वरच्या माथ्यावर आणि पाटणच्या खोऱ्यात, म्हणजे वरच्या सातारा जिल्ह्यात, आधीच कोसळून गेलेल्या पावसाने चढते, हे येथील शाळकरी पोरासही ठाऊक असते. गावात लख्ख ऊन असावे आणि नदी मात्र घाटाच्या पायऱ्या एकेक करून गिळीत वर यावी, यात आम्हांस नवल वाटत नाही. 2005, 2019 आणि 2021 या सालांच्या महापुरांनी तो धडा पक्का करून घेतला आहे. "आज तर पाऊसही नाही, मग उगाच काय चढतेस?" असे नदीस कोणी दरडावल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

स्वमग्न मुलास मात्र आपण नेमके हेच विचारतो. संध्याकाळी पानात वरणाचा ओघळ भाजीला जाऊन मिळाला, एवढ्या निमित्ताने ते ताट लोटून देते, किंचाळते, कपाळ भिंतीवर आपटून घेते, आणि घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, "एवढ्याशा गोष्टीवरून केवढा तमाशा!" पाऊस तेथे पडलेलाच नसतो. तो सकाळपासून वर कोठेतरी पडत आलेला असतो: नव्या गणवेशाची मानेला टोचणारी पट्टी, एस.टी.च्या कर्ण्याचा कर्कश आवाज, वर्गातल्या ट्यूबलाइटची आपणांस ऐकूही न येणारी गुणगुण, बाईंनी ऐन वेळी बदललेला तास, डबा खाताना चौघांनी एकाच वेळी विचारलेले प्रश्न. आणि हे सारे त्याने दिवसभर मुकाट्याने धरणाच्या भिंतीसारखे अडवून धरलेले असते. म्हणूनच "शाळेत अगदी गुणी असतो हो, घरीच असा करतो" ही शिक्षकांची ग्वाही आईस दोषी ठरविणारी नव्हे. धरणाने दिवसभर पाणी धरले आणि दारे घरी उघडली, एवढाच तिचा अर्थ.

येथे आपल्या भाषेतील शब्दाविषयीच माझी थोडी तक्रार नोंदवून ठेवतो. ऑटिझम या शब्दास मराठीत 'स्वमग्नता' हा पर्याय रूढ झाला, तो मूळ ग्रीक धातूशी प्रामाणिक असला तरी त्यामुळे वाचकाच्या मनात असे चित्र उभे राहते की हे मूल स्वतःत बुडाले असून बाहेरच्या जगाची त्यास खबरच नाही. वस्तुस्थिती बहुधा उलटी असते; बाहेरचे जग त्याच्यात वाजवीपेक्षा फार शिरते. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने 1943 साली अकरा मुलांवरील आपला सुप्रसिद्ध निबंध लिहिला, त्यात मोठ्या आवाजांनी ही मुले भयभीत होतात हे निरीक्षण होतेच. पण प्रकाश, ध्वनी, स्पर्श, गंध यांची अतितीव्र अथवा अतिमंद जाणीव हे निदानाचे एक अधिकृत लक्षण म्हणून अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानग्रंथात दाखल व्हावयास 2013 साल उजाडावे लागले. मधल्या सत्तर वर्षांत किती मुलांनी केवळ कान झाकले म्हणून मार खाल्ला असेल, त्याचा हिशेब कोणाच्याच दप्तरी नाही.

आयर्विन पुलापाशी 40 फुटांवर इशारा पातळी आणि 45 फुटांवर धोका पातळी मानली जाते, आणि शहाणा सांगलीकर सामान हलवतो तो या दोहोंच्या दरम्यान. घरात स्वमग्न व्यक्ती असणाऱ्यांनी हीच सवय अंगी बाणवावी. प्रत्येकाची इशारा पातळी निराळी असते आणि ती पुस्तकात सापडत नाही, घरातच पाहून ठेवावी लागते. कोणी एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारू लागतो, कोणी येरझारा घालतो, कोणाचे हात अधिक वेगाने फडफडू लागतात, कोणी एकदम गप्प होतो. कोणाचे कान लाल होतात. चार आठवडे एका साध्या वहीत वेळ, जागा, आवाज, झोप, जेवण आणि पोटाची स्थिती टिपून ठेवली तर बहुतेक घरांना आपल्या नदीचे मापन कळू लागते. आणि हे कळल्यावर करावयाचे काय, तर मागण्या थांबवाव्यात, प्रश्न थांबवावेत, आणि त्या व्यक्तीस तेथून बाहेर पडण्याची मुभा द्यावी. हात फडफडवणे किंवा झुलणे या क्रियांना "लोक बघताहेत" म्हणून अटकाव करण्याची आपली जी रीत आहे ती तर ऐन पुरात धरणाचा सांडवा बुजवण्यासारखी आहे.

हे सर्व मी आज शहाणपणाने लिहितो आहे. पण माझ्या हातून जे घडले तेही सांगितले पाहिजे. माझ्या धाकट्या बहिणीच्या थोरल्या मुलीचे लग्न मिरजेच्या एका मंगल कार्यालयात होते, आणि तिचा धाकटा भाऊ, तेव्हा अकरा वर्षांचा, स्वमग्न. नवरदेवाचा कान पिळण्याचा, म्हणजे कानपिळीचा, मान त्याचा. हलगी आणि बँड एकाच वेळी दारात वाजत होते, छायाचित्रकाराचे दिवे डोळ्यांवर होते, प्रत्येक आत्या-मावशी त्याचा गाल ओढून "ओळखलंस का मला?" म्हणत होती, आणि अत्तराचा, मोगऱ्याचा, तळणाचा वास मंडपात कोंदला होता. मुलगा दिसेनासा झाला. शोधता शोधता मला तो वऱ्हाडाच्या खोलीत, भिंतीशी रचलेल्या गाद्यांच्या थप्पीमागच्या हातभर फटीत सापडला. डोळे मिटलेले, तळवे कानांवर गच्च, आणि तोंडाने कोयना एक्स्प्रेसची स्थानके क्रमाने म्हणत होता. म्हणजे तो स्वतःस सावरीत होता आणि त्याला ते साधतही होते. मी मामा, माझ्या अंगावर कार्याची जबाबदारी आणि कमरेला नवे धोतर. "ऊठ, सगळे थांबलेत," म्हणून मी त्याचे मनगट धरले आणि ओढले.

पुढे जे झाले त्याचे वर्णन करीत नाही. माझ्या उजव्या हातावर दातांची खूण अजून आहे आणि ती मी कधी कोणास तक्रार म्हणून दाखविलेली नाही.

पाणी धोक्याच्या पातळीवर गेले की ज्यास मेल्टडाऊन म्हणतात तो उद्रेक होतो, किंवा त्याचे निःशब्द भावंड, ज्यास शटडाऊन म्हणतात, ते येते. या दुसऱ्यात व्यक्ती बसल्या जागी गोठते, बोलणे जाते, हाक ऐकू येऊनही उत्तर देववत नाही. हा हट्ट नव्हे. हट्ट करणारे मूल अधूनमधून प्रेक्षकांकडे पाहते, आणि मागितलेली वस्तू हाती पडली की बहुधा शांत होते. येथे प्रेक्षक नको असतात आणि मागितलेले काहीच नसते. म्हणून लाच आणि धाक ही दोन्ही साधने येथे सारखीच निकामी होत. अशा वेळी एकाच माणसाने जवळ राहावे, शक्यतो ज्याच्या असण्याची त्या व्यक्तीस सवय आहे अशाने, आणि बाकीच्यांना बाहेर काढावे. दिवा मालवावा, कुकर बंद करावा, दूरदर्शनचा आवाज घालवावा. बोलावेच लागले तर "मी इथं आहे" इतकेच, हलक्या आवाजात. विचारल्याखेरीज स्पर्श करू नये. डोके आपटत असेल तर डोके धरू नये, डोके आणि भिंत यांच्यामध्ये उशी सरकवावी. काचेच्या वस्तू हलवाव्या. बांधणे किंवा कोंडून घालणे या गोष्टी सर्वथा वर्ज्य समजाव्यात. आणि रस्त्यात असे घडले तर जमलेल्या गर्दीकडे पाठ करून उभे राहावे आणि तिच्या सल्ल्यांपैकी एकही मानू नये. त्यांत अंगारा, दृष्ट आणि देवऋषी हे तीन सल्ले तरी हमखास असतातच.

काहींना मात्र जड दाबाने बरे वाटते. टेम्पल ग्रँडिन या अमेरिकन विदुषीने, ज्या स्वतः स्वमग्न असून पशुविज्ञानाच्या प्राध्यापक आहेत, तरुणपणी सावत्र वडिलांच्या बहिणीच्या गुरांच्या वाड्यावर जनावरांस धरून ठेवणारा खोडा पाहिला. दोन्ही बाजूंनी सारखा दाब पडला की बुजलेले जनावर निवते हे त्यांच्या ध्यानात आले आणि त्यांनी तसाच एक खोडा स्वतःसाठी बनविला. आपल्याकडे गुरांच्या दवाखान्यासमोर खोडा असतोच, पण मनुष्यासाठी तितके करण्याचे कारण नाही. माणदेशापासून मिरजेपर्यंत घरोघर आजीने जुन्या लुगड्यांचे थरावर थर घालून शिवलेली वाकळ असते. शहरात हल्ली वजनदार पांघरूण म्हणून जे हजारो रुपयांस विकतात त्याची ती थोरली बहीण होय. मात्र ती त्या व्यक्तीने स्वतः ओढून घ्यावी आणि स्वतः बाजूस सारता यावी, तोंडावर कधीही येऊ नये, आणि तान्ह्या-लहान मुलांवर घालू नये. माझा भाचा ती चौपदरी करून मांड्यांवर ठेवतो. अंगावर घेत नाही. कोणास काय मानवेल ते त्यालाच विचारावे.

पूर ओसरला म्हणजे गाळ राहतो, हे आम्हां नदीकाठच्यांस निराळे सांगावयास नको. त्या वेळी पंचनामा करू नये. "का केलंस असं?" या प्रश्नाचे उत्तर त्या व्यक्तीपाशी तासभर, कधी दुसऱ्या दिवसापर्यंतही नसते, कारण वाचा कित्येकदा सर्वांत शेवटी परतते; बोलता न येणाऱ्यास लिहून, चित्रावर बोट ठेवून किंवा मोबाइलवर अक्षरे जुळवून सांगू द्यावे. पाणी द्यावे, ओळखीचे साधे अन्न द्यावे, झोपू द्यावे. क्षमा मागावयाचीच असेल तर ती आपण मागावी.

पूर येतो आणि जातो. पण सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांस दुसरेही एक संकट ठाऊक आहे, जे चाहूल न देता येते आणि वर्षानुवर्षे मुक्काम करते. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या तालुक्यांतील माणसास त्याचे नाव सांगावे लागत नाही. स्वमग्न व्यक्तीच्या आयुष्यातील या अवर्षणास बर्नआउट म्हणतात. अमेरिकेतील पोर्टलंड येथील डोरा रेमेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2020 साली, स्वमग्न प्रौढांचीच कथने आधारास घेऊन, त्याची तीन लक्षणे मांडली: दीर्घकाळ टिकणारा व विश्रांतीने न जाणारा थकवा, पूर्वी येत असलेली कौशल्ये लोप पावणे, आणि आवाज-प्रकाशादी गोष्टी सोसण्याची शक्ती घटणे. कारण म्हणाल तर, दीर्घकाळ शक्तीबाहेरच्या अपेक्षा पुरवीत राहणे आणि त्या मानाने आधार न मिळणे. आणि या अपेक्षांतील सर्वांत महाग म्हणजे मुखवटा, इतरांसारखे दिसण्यासाठी डोळ्यांत डोळे घालण्याचा, वेळेवर हसण्याचा, झुलणारा पाय दाबून धरण्याचा अहोरात्र खटाटोप.

माझ्या परिचयाच्या एक बाई सातारा भागातील एका पतपेढीत अकरा वर्षे खतावणी सांभाळीत. हिशेबात एका पैशाची चूक नाही, काउंटरवर प्रत्येकास हसून नमस्कार, आणि घरी आल्यावर अंधाऱ्या खोलीत दोन तास पडून राहणे, ज्यास घरचे 'डोकेदुखी' म्हणत. एका वर्षी मार्चअखेरीचा ताळेबंद मिळवून दिला आणि एप्रिलातल्या एका सकाळी त्या गॅसपुढे उभ्या राहिल्या तर आधणात आधी साखर की आधी पत्ती हे त्यांना आठवेना. पातेले उकळून करपले. पुढील कित्येक महिने फोन घेणे, केस विंचरणे, दुकानात जाऊन दोन वस्तू मागणे ही कामे हातची गेल्यासारखी झाली. आप्तांनी उपाय सुचविले, ते सर्व अधिक करण्याचे होते: योगवर्गास जा, भिशीत ये, चार माणसांत मिसळ, काशीयात्रा करून ये. आटलेल्या विहिरीवर आणखी एक मोट बांधण्याचाच हा प्रकार. स्वमग्नतेचे निदान व्हावयास वयाचे चौतिसावे वर्ष उलटले, कारण इतका सराईत मुखवटा पाहून कोणास शंकाच आली नाही.

अवर्षणात सरकार काय करते ते पाहा. इंग्रजी अमदानीत सोळा आणे पीक गृहीत धरून गावोगावची आणेवारी काढीत, आज पैसेवारी काढतात. ती 50 पैशांखाली उतरली की महसुलात सूट मिळते, कर्जाची वसुली तहकूब होते, पोरांची परीक्षा फी माफ होते. दुष्काळी गावात वसुलीस माणूस पाठविणे निव्वळ मूर्खपणाचे असते, एवढे दरडावून घेणाऱ्या महसूल खात्यासही उमगले होते. घरानेही महिन्याच्या महिन्यास अशी पैसेवारी काढावी, आणि ती त्या व्यक्तीबरोबर बसून काढावी; मग सूट कशास आणि तहकुबी कशास, याचा तपशील ठरवावा. या दोहोंत भेद आहे. परीक्षा, नोकरीतील बढती, वाहन शिकणे ही देणी तहकूब होत, पाऊस पडला की पाहू. परंतु लग्नकार्यातील हजेरी, पाहुण्यांपुढचे हास्य, फोनवरील गप्पा, इस्त्रीचा टोचणारा कडक कपडा, रोज नवी भाजी खाण्याची सक्ती यांना कायमची सूटच द्यावी, ही देणी मुळात न्याय्य नव्हतीच. या जागी काय ठेवावे असा प्रश्न पालक विचारतात. काही ठेवू नये. जे त्या व्यक्तीस स्वतःहून गोड लागते, मग ते आगगाड्यांचे वेळापत्रक असो की मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तासन्‌तास भोपळे पाहत उभे राहणे असो, त्यास हात लावू नये. झरा तेथूनच पाझरतो.

एक सावधगिरी मात्र हवीच. येत असलेली कौशल्ये अकस्मात गेली की ते बर्नआउटच, असे घरबसल्या ठरवू नये. दातदुखी, कानातील पू, बद्धकोष्ठ, थायरॉइड, मासिक पाळीचा त्रास, आणि स्वमग्न व्यक्तींत इतरांपेक्षा अधिक आढळणारी अपस्माराची व्याधी, ही सर्व डॉक्टरांकडून पाहून घ्यावी, कारण दुखणे सांगता न येणारे माणूस ते वागण्यातून सांगते. खिन्नता आणि बर्नआउट यांची बाह्य रूपे सारखी असून त्यांचे उपाय नेहमी सारखे नसतात. जगणे नको असे शब्द किंवा लिखाण आढळले तर क्षणाचाही विलंब करू नये. टेलिमानसचा 14416 हा सरकारी दूरध्वनी अहोरात्र चालू असतो, आणि मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय वा साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय फार लांब नाही.

कायद्याचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो रूक्ष असला तरी उपयोगी आहे. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील एकवीस प्रकारांत स्वमग्नता समाविष्ट असून, मालकाने वाजवी सोय करून देणे ही त्यानुसार मेहेरबानी उरत नाही. दाखल्यासाठी वापरावयाच्या भारतीय मापनश्रेणीत चाळीस प्रश्न आहेत व 70 गुणांपासून स्वमग्नता धरली जाते. मुखवटा वागविणाऱ्या प्रौढाने तपासणीस जाताना घरातील माणूस आणि ती टिपणवही बरोबर न्यावी, नाहीतर अर्ध्या तासाच्या भेटीत वैद्यांस मुखवट्याचेच दर्शन घडते. दाखला असलेल्यास परीक्षेत दर तासामागे किमान वीस मिनिटे अधिक मागता येतात. आणि ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातलेली आहे, ही गोष्ट गणेशोत्सवात स्मरण करून देणारा शेजारी अप्रिय होतो खरा, पण बेकायदा नव्हे.

आवाजावरून आठवले. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 साली ठराव करून रोज सायंकाळी सात ते साडेआठ घरोघरचे दूरदर्शन आणि मोबाइल बंद ठेवण्याची प्रथा पाडली. हेतू मुलांच्या अभ्यासाचा; पण अशी दीड तासाची गावकीची शांतता स्वमग्न मुलासही किती हितकर ठरेल, असे मनात येऊन गेले. फक्त तिची सुरुवात भोंग्याने होते. एखाद्या घरात असे मूल असेल तर पाच मिनिटे आधी त्याला हळूच सांगून ठेवावे इतकेच.

पतपेढीच्या त्या बाई आठ महिन्यांनी परतल्या, त्या रोज तीन तासांसाठी, आतल्या खोलीत, खिडकीकडे तोंड करून. नमस्कार-चमत्काराची त्यांना सूट आहे. ताळेबंद पूर्वीइतकाच बिनचूक असतो.

आणि भाच्याविषयी. गेल्या वर्षी धाकट्या भाचीचे लग्न निघाले तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. या खेपेस मी महिनाभर आधी त्याला पत्रिका दिली, कार्यालय रिकामे असताना एकदा हिंडवून आणले, आणि काय जमेल ते विचारले. "मामा, मी गाडीत बसेन. कानपिळी गाडीत." मी हो म्हटले, बहीण घाबरली, व्याही काय म्हणतील म्हणून. ते काही म्हणाले नाहीत. मंगलाष्टके चालू असताना तो मोटारीत काचा चढवून, मांडीवर चौपदरी वाकळ घेऊन, मनगटावरील घड्याळ पाहत बसला होता. विधी उरकल्यावर नवरदेव मुंडावळ्या सावरीत चिंचेच्या झाडाखाली आला आणि त्याने खिडकीशी कान नेला. भाच्याने काच खाली केली, दोन बोटांत कान धरून अगदी बेताने पिळला, आणि म्हणाला, "मुहूर्त बारा वाजून एकोणतीस मिनिटांचा होता. तुम्ही चार मिनिटं उशीर केला."